टाच, गुडघा, खांदा: नेमकं काय दुखतंय आणि त्याला किती भार द्यायचा

बडोद्यात दुखण्यांचाही हंगाम असतो. घटस्थापनेनंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री टाचा बोलायला लागतात आणि दसऱ्यापर्यंत गुडघ्यांची पाळी येते. वर्षभर खुर्चीत बसलेली पोटरी एकदम रोज तीन-तीन तास, अनवाणी, चवड्यांवर गरबा खेळायला लागली की दुसरं काय होणार? मग कोणी सांगतं 'महिनाभर आराम कर', कोणी सांगतं 'चोळून घे', आणि केमिस्ट गोळ्यांची पट्टी पुढे करतो. या तिन्हींनी दुखणं दबतं. पुढच्या नवरात्रात ते त्याच जागी भेटतं, कारण ज्या दोराची ताकद कमी पडली त्याची ताकद कोणीच वाढवलेली नसते.

हा दोर म्हणजे कंडरा. आपण सरसकट 'शीर आखडली' म्हणतो, पण ही शीर रक्तवाहिनीही नाही आणि नसही नाही. स्नायूला हाडाशी बांधणारा तो पांढरा, चिवट पट्टा आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात. सगळा घोळ या फरकातून होतो: पोटरी म्हणते 'चल', टाचेमागचा दोर अजून तयार नसतो.

आधी बोट ठेवा

दुखणं दाखवताना तुमचा हात काय करतो ते बघा. एका बोटाने नेमकी जागा दाखवता आली, त्या जागी दाबल्यावर 'हो, हेच' असं झालं, तर बहुधा कंडरा. सगळा तळहात सांध्यावरून फिरवावा लागला, तर बहुधा सांधा.

दुसरी खूण हालचालीची. दुखरा भाग पूर्ण सैल सोडा आणि दुसऱ्या कोणाला तो हलवायला सांगा. दुसऱ्याने हलवल्यावर फारसं दुखत नाही, पण तुम्ही स्वतः जोर लावला की दुखतं, तर कंडरा. दुसऱ्याने हलवलं तरी दुखतं, सांधा अडतो, सुजलेला दिसतो, तर सांधा.

तिसरी खूण घड्याळाची. कंडरेचं दुखणं सुरुवातीला जाणवतं, अंग गरम झालं की मावळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत येतं. हीच त्याची फसवणूक: खेळताना वाटतं, बरं झालं. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सकाळी तासभर ताठर राहत असतील, मूठ वळत नसेल, अंगठी अडकत असेल, तर ते दुखणं वेगळ्या जातीचं आहे. तो आमवात असू शकतो. त्याचा उपाय व्यायामाने सुरू होत नाही. संधिवाततज्ज्ञांकडे जा आणि लवकर जा, कारण पहिल्या काही महिन्यांत सुरू केलेलं औषध सांध्यांची मोडतोड अडवतं.

घरी थांबायचं नाही अशा गोष्टी

सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

खेळताना पोटरीत 'कोणीतरी मागून लाथ मारली' असं वाटलं, आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर टाचेमागची कंडरा तुटलेली असू शकते. पालथं झोपा, पाऊल पलंगाच्या बाहेर सोडा, कोणाला तरी पोटरी दाबायला सांगा. दाबल्यावर पाऊल खाली झुकलं पाहिजे. झुकत नसेल तर बर्फ-बाम करत बसू नका.

घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाची मागची कड दाबल्यावर कळ येते, तर एक्स-रे काढा. दोन्ही नसेल तर बहुतेक वेळा एक्स-रेची गरज नसते.

पायाच्या अंगठ्याचं मूळ मध्यरात्री अचानक लालभडक झालं, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर यूरिक अ‍ॅसिडचा विचार करा. पण हल्ल्याच्या ऐन वेळी केलेल्या तपासणीत यूरिक अ‍ॅसिड सामान्य येऊ शकतं. हल्ला ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

पावसाळ्यानंतर ताप आणि सगळे सांधे एकदम धरले, तर गरब्याला दोष देऊ नका. चिकनगुनिया गुजरातला नवा नाही आणि त्यातली सांधेदुखी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. डेंग्यू नाही हे रक्ततपासणीत कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांना हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. पोट बिघडलं म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. असं औषध चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. 'आधी कोर्स पूर्ण करू' म्हणत थांबू नका.

भाराचं माप

दुखण्याला ० ते १० गुण द्या. व्यायाम करताना ३-४ पर्यंत दुखलं तर चालतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पलंगावरून उतरून टाकलेली पहिली दहा पावलं, किंवा जिन्याची पहिली पायरी, रोज तीच परीक्षा. कालच्याइतकंच किंवा कमी दुखतंय, तर भार बरोबर होता. जास्त दुखतंय, तर व्यायाम बंद न करता भार तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा एक आकडा लिहा. तीन आठवड्यांनी तो आकडा पाहिल्याशिवाय स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू नये.

तालमीतली जुनी पद्धत याहून वेगळी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं बडोद्याच्या मराठी घरांना सांगायला नकोत. जोर-बैठकांची संख्या कोणताही उस्ताद पहिल्याच दिवशी शंभरावर नेत नाही.

टाच: दोन वेगळी दुखणी

टाचेच्या मागे दुखतं की खाली, हे आधी ठरवा. उपाय वेगळे आहेत.

मागे दुखत असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोर धरा आणि टाचेच्या हाडापासून वर सरका. हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर कळ आली तर दुखणं दोराच्या मध्यात आहे. अगदी हाडाला चिकटलेल्या जागी आली तर जोडावर. मध्यातलं दुखणं असेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच पायरीखाली नेता येते. जोडावरचं असेल तर टाच पायरीखाली अजिबात नेऊ नका, सपाट फरशीवरच करा. टाच खाली गेली की दोर हाडावर दाबला जातो आणि दुखण्याचं मूळ नेमका तो दाबच असतो. 'पोटरी ताण' म्हणून भिंतीला टेकून केले जाणारे व्यायाम अशांना त्रास देतात ते यामुळे. त्यांनी बुटात एक ते दीड सेंटिमीटरची टाचेची गादी घालावी.

क्रम असा. पहिले दोन आठवडे दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहायचं, टाचा अर्ध्या उचललेल्या, ४५ सेकंद तसंच थांबायचं. मध्ये दोन मिनिटं विश्रांती. असं पाच वेळा, रोज. बऱ्याच जणांचं दुखणं एवढ्यानेच उतरतं आणि सगळं आटोपल्यासारखं वाटतं. आटोपलेलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड टाचा उचलणं. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, मोठ्याने मोजत. 'एक-दोन-तीन' मनात म्हटलं की ते दीड सेकंदात उरकतं. पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन फेरे गुडघा थोडा वाकवून, कारण वाकलेल्या गुडघ्यात पोटरीच्या आतला दुसरा स्नायू कामाला लागतो. दोन पायांनी सोपं झालं की एका पायाने.

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून वजन. पाठीला शाळेचं दप्तर आणि त्यात एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. पाच बाटल्या म्हणजे पाच किलो, हिशेबाला सोपं. एका पायावर आठचे चार फेरे, आठवड्यातून तीनदा. आठव्या वेळेला खरंच जड वाटलं पाहिजे. रबरी पट्टा ओढत दोन महिने काढणाऱ्यांची ताकद जिथल्या तिथे राहते. एवढ्या हलक्या भाराची कंडरा दखलही घेत नाही.

नवव्या-दहाव्या आठवड्यात उड्या: दोन पायांवर दहाच्या तीन फेऱ्या, मग दोरीच्या उड्या, मग गरब्याची पावलं दहा मिनिटं. एका पायावर, न थांबता, पूर्ण उंचीच्या २० ते २५ टाचा उचलता आल्या की मैदानात उतरायला हरकत नाही.

म्हणजे बारा आठवड्यांचं काम आहे. आषाढी एकादशीपासून घटस्थापनेपर्यंत साधारण अकरा आठवडे मिळतात. मध्ये अधिक महिना आला तर चार आठवडे फुकटात. गणपती उठल्यावर सुरुवात करणाऱ्यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे उरतात, आणि तेवढ्यात फक्त पहिली पायरी होते.

टाचेखालचं दुखणं वेगळं. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना सुई टोचल्यासारखं होतं आणि दहा पावलांनी बरं वाटतं. तळपायाचा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथला हा त्रास. एक्स-रेत 'हाड वाढलेलं' दिसलं म्हणून घाबरू नका, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेत ते असतं. टॉवेलची गुंडाळी पायरीवर ठेवा, बोटं तिच्यावर, म्हणजे ती वरच्या बाजूला वळलेली राहतील. आता तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा-बारा वेळा, तीन फेरे, एक दिवसाआड. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. आणि घरात टाइल्सवर अनवाणी फिरणं दोन-तीन महिने सोडा. देवघराबाहेर एक मऊ चप्पल ठेवायला काही हरकत नाही.

नऊ रात्रींचं गणित

जोराच्या श्रमानंतर पहिला दीड दिवस कंडरेत दुरुस्तीपेक्षा मोडतोड जास्त चालते. नंतर पारडं फिरतं. सलग नऊ रात्री पूर्ण वेळ खेळलं की ते फिरायला वेळच मिळत नाही. दुखरी टाच असलेल्याने एक रात्रीआड पूर्ण खेळावं आणि मधल्या रात्री पहिल्या संथ फेऱ्या खेळून बसावं. हींच (गरब्याचा वेगवान ठेका) चढली की पावलं टाचेवरून चवड्यावर जातात आणि भार वाढतो, त्यामुळे शेवटचा अर्धा तास सोडला तरी पुष्कळ फरक पडतो. खेळायला उतरण्याआधी ४५ सेकंदांचे ते पाच फेरे मैदानाच्या कडेला करून घ्या. गोळी घेऊन खेळू नका. गोळी दुखणं झाकते, तुमचं मोजमाप हरवतं आणि बिल दुसऱ्या दिवशी येतं.

गुडघा

'ग्रीस संपलंय' हे वाक्य इतकं रुळलंय की लोक चालणंच सोडतात. सांध्यातली कूर्चा भार पडून सुटताना पोषण घेते, स्पंजासारखी. गुडघ्याला चालायला लावल्याने तो झिजतो ही समजूत चुकीची आहे. चालणं सोडल्याने मांडी मात्र नक्की वाळते. शिवाय एक्स-रेतली झीज आणि दुखणं यांचं फार जुळत नाही. भयंकर दिसणारा गुडघा पायऱ्या चढतो आणि बरा दिसणारा कण्हतो.

वाटीच्या खालच्या टोकावर एका बोटाएवढ्या जागेत दुखतं, उड्यांनी वाढतं, तर ती तिथली कंडरा. वाटीच्या मागे-आजूबाजूला, जिना उतरताना आणि बराच वेळ गुडघा मुडपून बसल्यावर दुखतं, तर वाटी आणि मांडीच्या हाडामधला ताण. पावागडावर चढताना काही होत नाही आणि उतरताना गुडघे बोलतात, ते यामुळे. अशांनी माचीपर्यंत गाडी, वर पायऱ्यांनी, आणि उतरताना रोपवे. उलटं करणारेच जास्त दिसतात.

पंचेचाळिशीनंतर सगळा गुडघा दुखतो, कुरकुरतो, सकाळी थोडा धरतो, तर झिजेचा संधिवात. या तिघांनाही एकच व्यायाम लागू पडतो, फक्त उंची बदलते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवा. दुखत असेल तर वर दोन उशा. हात छातीशी, तीन सेकंदांत उठायचं, तीन सेकंदांत बसायचं. शेवटच्या चार बोटांत धपकन बसू नका, मांडीला खरं काम तिथेच असतं. दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी एक उशी काढा, नंतर दुसरी, मग दप्तर. गुडघा बोटांच्या पुढे गेला तर काय, याची चिंता नको. तो आत कोसळू देऊ नका एवढं पुरे. त्यासाठी कुशीवर झोपून पाय सरळ वर उचलणं, पंधराचे तीन फेरे, कारण गुडघा आत वळण्यापासून धरून ठेवतात ते खुब्याचे स्नायू.

जमिनीवर मांडी घालून बसणं कायमचं बंद करायची गरज नाही. पूजेला पाटाऐवजी चौरंगाएवढं उंच काही घ्या, दर दहा मिनिटांनी पाय बदला. वजनाबद्दल एकच हिशेब: शरीराचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. कमाटीबागेला एक फेरी म्हणजे हजारो पावलं. बाकी गुणाकार करून पाहा.

बाकीच्या जागा, थोडक्यात

कोपराच्या बाहेरच्या हाडावर दुखतं आणि कपडे पिळताना हातातून पीळ सुटतो, तर टेनिस एल्बो. आयुष्यात टेनिसची रॅकेट धरली नसली तरी. ओला टॉवेल नळाला अडकवून दोन्ही हातांनी पिळा. कढई, पिशवी, बादली उचलताना तळहात वर. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, अर्ध्या लिटरची बाटली मुठीत, तळवा खाली. दुसऱ्या हाताने मनगट वर न्या आणि तीन सेकंदांत एकट्याने खाली आणा. पंधराचे तीन फेरे, महिनाभराने एक लिटरची बाटली.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणं हे नव्या आईचं आणि नव्या आजीचं दुखणं. बाळाला काखेत हात घालून, अंगठे ताणून उचलू नका. पंजा खाली सरकवून, ओंजळीत घेतल्यासारखं उचला. मनगटाचा पट्टा घ्यायचा तर अंगठ्यासकट धरणारा. नुसता मनगटाचा इथे निरुपयोगी.

खुब्याच्या बाहेरच्या टोकावर, त्या कुशीवर झोपल्यावर दुखणं चाळिशीनंतर बायकांत फार दिसतं आणि 'सायटिका' म्हणून महिनोन्‌महिने चुकीची औषधं चालतात. पायावर पाय टाकून बसणं आणि एका पायावर वजन टाकून उभं राहणं बंद. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. ताण देणारी आसनं इथे उलटतात.

खांद्यात एक परीक्षा आधी. कोपर अंगाला चिकटवा, ९० अंशांत वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुसऱ्याने नेला तरी हात बाहेर जातच नाही, तर फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांत हा जास्त होतो, म्हणून एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. रात्री कळा येतात त्या काळात जबरदस्तीने हात वर ढकलून घेऊ नका, दुखणं चिघळतं. दुसऱ्याने नेला तर हात जातो, पण स्वतः उचलताना मधल्या कमानीत दुखतं, तर खांद्याच्या कंडरा. पंजाची मागची बाजू दाराच्या चौकटीवर ४५ सेकंद दाबून धरा, पाच वेळा. दोन आठवड्यांनी रबरी पट्टा, बाराचे तीन फेरे.

औषधं, सुया, तपासण्या

हाताच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याला गोळीआधी डायक्लोफेनॅकचं जेल. लोक मटाराएवढं लावतात आणि गुण नाही म्हणतात. गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लागतं. ३० ग्रॅमची ट्यूब जास्तीत जास्त पाच दिवसांत संपली पाहिजे. गोळी घ्यायचीच असेल तर मूत्रपिंड, रक्तदाब, अल्सर यांपैकी काही असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पट्टीची मागची बाजू वाचा: अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, वर वेगळं घेतलं की मात्रा दुप्पट होते.

शेकायचं की बर्फ? ताज्या मुरगळीला कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. जुन्या ताठर सांध्याला शेक. दोन्हींनी आराम पडतो, बरं काहीच होत नाही. तेल लावून हलक्या हाताने चोळणं चालेल, पण दुखऱ्या दोरावर अंगठा रुतवून रगडणं नको.

स्टेरॉइडची सुई टेनिस एल्बोत सहा आठवडे छान वाटते आणि वर्षभरानंतर सुई न घेतलेले पुढे असतात. टाचेमागच्या दोरात ती नकोच, दोर तुटण्याचा धोका असतो. फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या कळांत मात्र तिचा खरा उपयोग होतो. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर वर जाते, तेव्हा घरी रोज मोजा.

एमआरआय काढण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: 'यात काहीही निघालं तरी उपचार बदलणार आहे का?' उत्तर नाही असेल, तर ते पैसे फिजिओथेरपीला लावा. सयाजी रुग्णालयाच्या आवारातच फिजिओथेरपीचं सरकारी महाविद्यालय आहे. जाताना कॅलेंडरवरचे ते आकडे सोबत न्या. कोणता भार, किती दिवस, दुसऱ्या सकाळी किती दुखलं, हे कागदावर असलं की पहिल्याच भेटीत व्यायाम ठरवता येतो.